फ्लेक्सवर न मावलेला शब्द

आमच्या दुकानात शब्द नेहमी जास्तच येतात. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर पानभर मजकूर पाठवतात आणि खाली लिहितात, "ताई, सगळं बसवा." डहाणू रोड स्टेशनजवळ माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस असो, श्रद्धांजली असो, दुकानाचं उद्घाटन असो, येईल त्याला मी पहिलं वाक्य एकच ऐकवते: शब्द कमी करा, अक्षरं मोठी होतील. फ्लेक्स वाचणारा माणूस खुर्चीत बसलेला नसतो. तो रिक्षातून मान वळवतो आणि पुढं जातो, तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे. या बोलण्यामुळे मी गावात जरा तिखट म्हणून ओळखली जाते आणि मला त्याचं काही वाटत नाही. शुद्धलेखन तर मी न विचारताच सुधारते.

गाझातलं युद्ध रोज टीव्हीवर दिसत होतं, तेव्हाची ही गोष्ट. पावसाळा सरत आला होता आणि एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन कामं आली. पहिलं वाचनालयाचं. त्यांनी परिसंवाद ठेवला होता, विषय होता 'ज्यूद्वेश : आरोप की वास्तव?' वाचनालयाचे अध्यक्ष स्वतः मजकूर घेऊन आले होते. मी म्हटलं, "काका, द्वेष करायचाच असेल तर पोटफोड्या 'ष'नं करा, शहामृगाच्या 'श'नं होत नाही तो." काका हसले, पण ओशाळलेही. म्हणाले, "एवढा मोठा विषय, आणि आम्ही नावातच मार खाल्ला."

दुसरं काम तलासरीच्या एका मास्तरांचं. गाझात मुलं मरतायत म्हणून त्यांची मंडळी मोर्चा काढणार होती. त्यांनी आणलेलं वाक्य सरकारी परिपत्रकासारखं लांब होतं: 'इस्रायल सरकारने चालवलेल्या अमानुष हिंसाचाराचा तीव्र निषेध करण्यासाठी भव्य मोर्चा.' मी माझं ठरलेलं वाक्य ऐकवलं. मास्तरांनी काउंटरवरचं पेन उचललं आणि स्वतःच एकेक शब्द खोडत गेले. शेवटी दोनच ओळी उरल्या. 'इस्रायलचा निषेध', आणि खाली 'भव्य मोर्चा'. "आता दिसेल लांबून," ते म्हणाले. खरंच दिसत होतं. दोन फ्लेक्स तलासरीला गेले, एक डहाणूत लावायला ठेवला.

आता घरचं सांगते. मी चिंचणीची. माझं लग्न झालं ते बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरात. कोकणात हे लोक किती पिढ्या आहेत ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणायचे. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची मुलं, आणि हा इस्राएल म्हणजे त्यांचा पूर्वज. तो देश नकाशावर आला त्याच्या कितीतरी आधीपासून अलिबागकडच्या खेड्यांत लोक यांना 'इस्रायल लोक' म्हणत आले आहेत. माझे सासरे रेल्वेच्या नोकरीत डहाणूला बदलून आले आणि नाव त्यांच्याबरोबर आलं. गावासाठी माझी सासू 'इस्रायलबाई' झाली. आमच्या बिल्डिंगला कुठल्याशा फुलाचं नाव आहे, पण ते फक्त लाइटबिलावर. स्टँडवरचे रिक्षावाले आमच्या बिल्डिंगला इस्रायलच म्हणतात. "इस्रायलला सोडू ना?" असं मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नवी नवरी होते आणि मला हसू आवरलं नव्हतं.

सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, नर्स होत्या. कासा आणि तलासरीच्या बाजूच्या पाड्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. जीपनं, बसनं, आणि जिथं काहीच जात नाही तिथं पायी. किती बाळंतपणं केली असं विचारलं तर म्हणतात, "मोजत बसले असते तर केली कधी असती?" पाड्यावरच्या बायकांना त्यांचं खरं नाव कधी माहीतच नव्हतं. त्यांच्यासाठी त्या 'इस्रायलबाय'. आजही बाजारात एखादी म्हातारी पाटी खाली ठेवून त्यांचा हात धरते, आणि मग मला पिशव्या घेऊन उन्हात उभं राहावं लागतं.

आईंचा एक अभिमान होता आणि तो त्या वारंवार बोलून दाखवायच्या. नातेवाइकांत, फोनवर, टीव्ही बघताना. "या गावात आम्हाला कुणी कधी काही म्हटलं नाही." जगात इतर ठिकाणी त्यांच्या लोकांचं काय काय झालं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांची मुलगी, म्हणजे माझी नणंद, लग्न करून तिकडे इस्रायलमध्ये गेलेली. तिच्या शेजारणीच्या आजीआजोबांना एका रात्रीत घर सोडावं लागलं होतं, त्या गोष्टी नणंद सांगायची. त्या ऐकल्या की आई हे वाक्य म्हणायच्या आणि विषय संपवायच्या. मला कधीकधी कंटाळा यायचा. एखादं वाक्य माणसाला इतकं धरून ठेवत असेल हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मी तो फ्लेक्स छापला तेव्हा माझ्या घरात इस्रायल आहे हे मी विसरले होते का? नाही. पण दुकानात इस्रायल म्हणजे बातमी आणि घरी इस्रायल म्हणजे पत्ता. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे मनातच आलं नाही. माझ्या जागी कुणीही असतं तरी असंच झालं असतं, यावर मी अजूनही ठाम आहे.

बेने इस्राएलांचा नव्याचा सण जवळ आला होता. नव्या वर्षाचा हा सण, आणि त्याला गव्हाच्या चिकाचा हलवा हवाच. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, फडक्यातून पिळून, चीक खाली बसू द्यायचा आणि नारळाच्या दुधात तास न् तास घोटायचा. आई शेजारीपाजारी, ओळखीपाळखीत सगळीकडे त्याच्या वड्या वाटतात. डहाणूत चीक म्हटलं की लोकांना चिकूच ऐकू येतो, त्यामुळे अख्खी बिल्डिंग त्याला 'इस्रायलबाईंचा चिकूचा हलवा' म्हणते. आई सुरुवातीला समजावत असत. आता "हो, चिकूचाच" म्हणून मोकळ्या होतात. त्या वर्षी गुरुवारी आम्ही गहू भिजत घातले.

शुक्रवारी सकाळी आई भाजीला गेल्या आणि रिकाम्या पिशवीनं परत आल्या. चप्पल काढली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "गं, ते गहू उपसून गाईला घाल. या वर्षी नको हलवा."

मला वाटलं, बरं नाही. कपाळाला हात लावून बघितला. मग त्यांनी सांगितलं. रिक्षा स्टँडवर मोठा फ्लेक्स लागला होता. त्या वाचत उभ्या राहिल्या तेव्हा एक रिक्षावाला नेहमीच्या चेष्टेच्या सुरात म्हणाला, "काय बाई, तुमचा निषेध लागलाय." बाकीचे हसले. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगते. याच माणसानं गेल्या वर्षी आईंना ताप असताना दवाखान्यात उचलून नेलं होतं. पण आई तिथून निघाल्या त्या भाजी न घेताच.

"अहो आई, ते तिकडच्या देशाबद्दल आहे," मी म्हटलं.

"देश कुठं लिहिलाय त्यात?"

देश नव्हता, पण 'सरकार' होतं, आणि ते माझ्याच काउंटरवर खोडलं गेलं होतं. तो फ्लेक्स मीच छापला, एवढं मी सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "तू छापलास? बरं." रागावल्या असत्या तर परवडलं असतं. मी तरी भांडले असते.

संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विसाव्याचा दिवा लावायच्या आधी त्यांनी नणंदेला फोन केला. मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू आलं, "तू म्हणत होतीस ना ये म्हणून. येते मी. कायमची येते." पलीकडून नणंदेचा आनंदाचा आवाज आला. तिची चूक नव्हती, आई जवळ असावी असं कुणाला वाटत नाही? पण ज्या गावात सायरन वाजला की जिन्याखाली धावावं लागतं तिथं ही बाई राहायला निघाली होती, आणि ती जे गाव सोडत होती तिथं तिला वाईट बोलणारं एकही माणूस नव्हतं. मला भयंकर राग आला. त्या रागाखाली भीती होती, ती मला नंतर दिसली. वीस वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात भांडलोय. माझ्या आईपेक्षा या बाईनं मला जास्त वेळा रागावलेलं आहे. ती गेली असती तर मी कुणावर वैतागले असते?

माझा नवरा वापीला कंपनीत कामाला आहे आणि सगळ्यांचं सगळं पटवून घेणारा माणूस आहे. आईचं त्याला पटलं, माझंही पटलं, बहिणीचंही पटलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

गहू मी उपसले नाहीत. शनिवारी आमचं दुकान बंद असतं. गिऱ्हाइकांना वाटतं मी मारुतीचा उपवास धरते, आणि मी तो समज कधी मोडला नाही. पण गव्हाला शनिवार कळत नाही, एक दिवस पाणी बदललं नाही तर आंबूस वास येतो. मी आईंच्या नकळत पातेलं मागच्या बाल्कनीत नेलं आणि पाणी बदलत राहिले.

रविवारी दुपारी वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले. संध्याकाळच्या परिसंवादाला आईंनी पहिल्या रांगेत बसावं, शेवटी दोन शब्द बोलावेत, अशी त्यांची इच्छा होती. आई नको म्हणाल्या. काका जायला उठले आणि दारात थांबून म्हणाले, "वहिनी, तुम्ही नसलात तर आम्ही सगळे कुणाबद्दल बोलणार?" आई आत जाऊन साडी बदलून आल्या. मला म्हणाल्या, "कायमची जायच्या आधी ऐकून तरी घेते, मी कोण आहे ते."

वाचनालयाचा हॉल भरला होता. पुढच्या खुर्च्यांवर गावातली मंडळी आणि मागे सतरंजीवर तलासरीहून जीप करून आलेले लोक. त्यांच्यात ते मास्तर होते. त्यांच्या शेजारी पाड्यावरची एक वयस्क बाई बसली होती, हिरव्या लुगड्यातली. आई आत आल्या तशी ती अर्धवट उठली आणि परत बसली.

व्यासपीठावर तिघं होते. पहिले निवृत्त प्राध्यापक. त्यांचं म्हणणं, आज इस्रायलवर होणारी टीका म्हणजे जुना ज्यूद्वेषच, फक्त नवे कपडे घातलेला. दुसरे वकील. ते म्हणाले, ज्यूद्वेष हा शब्द हल्ली लोकांची तोंडं बंद करायला वापरला जातो. एखाद्या सरकारला जाब विचारला की लगेच हा शिक्का मारतात. मग दोघांत जुंपली. झायोनवादी म्हणजे ज्यू का, ज्यू म्हणजे इस्रायली का, यहुदी म्हणणं बरोबर की ज्यू, सेमिटिक कुणाकुणाला म्हणायचं. दोघंही हुशार होते, आणि खोटं दोघंही बोलत नव्हते. पण एकजण बोलला की दुसरा म्हणायचा, "आधी शब्दाची व्याख्या करा," आणि गाडी परत तिथंच. मला दुकानात बसल्यासारखं वाटत होतं. कुठलाही शब्द कुणाला कमी करायचा नव्हता.

तिसरे चिकूचे मोठे बागायतदार. त्यांनी आईंकडे हात करून मनापासून स्तुती केली. ज्यू म्हणजे बुद्धी, ज्यू म्हणजे पैसा, मूठभर लोक पण जगाच्या नाड्या त्यांच्या हातात, आणि मशिदीवाल्यांना सरळ कसं करायचं ते शिकावं तर त्यांच्याकडून. टाळ्या पडल्या. आईंनी पदर सारखा केला. त्या स्तुतीनं त्या फ्लेक्सपेक्षा जास्त अवघडल्या, हे मला शेजारी बसून कळत होतं.

मग अध्यक्षांनी माइक त्यांच्याकडे आणला. "वहिनी, तुम्हीच सांगा. ज्यूद्वेष म्हणजे काय?"

आईंना माइकची सवय नाही. त्यांनी तो थर्मामीटर धरतात तसा धरला.

"मला व्याख्या येत नाही," त्या म्हणाल्या. "प्राध्यापकसर म्हणाले, इस्रायलला नावं ठेवली की आम्हाला ठेवल्यासारखं. तसं नाही हो. माझी मुलगी तिथं राहते, ती रोज सकाळी चहाबरोबर तिथल्या सरकारला नावं ठेवते. आणि वकीलसाहेब, द्वेष हे सोंग पण नाही. मुलीची शेजारीण तिच्या आजीचं सांगते ते मी ऐकलंय. त्यात सोंग नव्हतं काही. ती म्हातारी मरेपर्यंत रात्री दाराला दोनदा कडी लावत होती." मग त्या बागायतदारांकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही फार चांगलं बोललात. पण आम्ही एवढे हुशार असतो तर माझा मुलगा दहावीला दोनदा बसला नसता. आणि आमच्यातली जुनी माणसं आमच्या प्रार्थनेच्या जागेला, सिनेगॉगला, मशीदच म्हणायची. माझे सासरे म्हणायचे, ठाण्याला मशिदीत जाऊन येतो. मग आम्हाला पण सरळ करणार का?"

हॉलमध्ये हशा पिकला. माझा नवरा मागे दाराशी उभा होता. दहावीचं ऐकून तो लाल झाला, पण हसला. बागायतदारही हसले, थोडे उशिरा.

आई हसल्या नाहीत. त्यांचा आवाज खाली गेला. "मला तुमच्यापैकी कुणाचंच वाईट वाटलं नाही. मला एकच विचारायचं होतं. मी या गावात आयुष्य काढलं. तुम्ही सगळे मला इस्रायलबाई म्हणता, मी ओ देते. मग स्टँडवर माझा निषेध का लावलाय? मी काय केलं?"

मला रडू यायला लागलं, आणि मला चारचौघांत रडायचा मनस्वी तिटकारा आहे, म्हणून मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

तेवढ्यात मागून ती हिरव्या लुगड्यातली बाई उभी राहिली. थोडं आपल्या बोलीत, थोडं मराठीत बोलली. "मीपण तेच विचाराला आलूं. मास्तर म्हणला सभा हाय, म्हणून जीपमंदी बसलूं. नाक्यावं ते मोठं कापड लावलां. आमचे पाड्यात बाया विचारतात, इस्रायलबायनी काय केलां? माझी पोर तिचे हातावं झाली, माझे पोरीची पोर तिचे हातावं झाली. टीव्हीत दाखवतात तो देश मना माहीत हाय. पण कापडावं देश नाय लिवला. बायचां नाव लिवलां."

सगळा हॉल मास्तरांकडे बघायला लागला. मास्तर उभे राहिले. बिचाऱ्यांचा चेहरा उतरला होता. "बाई, मी तुमचा विचारच केला नाही," ते म्हणाले. "आम्ही 'इस्रायल सरकार' असंच लिहिलं होतं. फ्लेक्सवर मावेना, अक्षरं बारीक व्हायला लागली, म्हणून 'सरकार' काढलं."

"कुणी काढलं?" प्राध्यापकांनी विचारलं. त्यांना यात काहीतरी हाती लागल्यासारखं वाटलं असावं.

आता मला बोलणं भाग होतं. "खोडलं मास्तरांनी," मी उठून म्हटलं, "पण अक्षरं मोठी करा असं मी सांगितलं. मी सगळ्यांनाच सांगते. तुम्ही पण आलात तर तुम्हालाही सांगेन."

आईंनी वळून माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "द्वेष नव्हता. रुंदी कमी पडली."

आणि त्या हसल्या. शुक्रवारपासून पहिल्यांदा. आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग चांगल्या खदखदून, आणि त्यांच्याबरोबर ती पाड्यावरची बाई, मग सगळेच. वकील आणि प्राध्यापकसुद्धा एकमेकांकडे बघून हसत होते. मी पर्समधून रुमाल काढून सरळ सगळ्यांसमोर डोळे पुसले.

माइक अजून आईंच्या हातात होता. "मोर्चा काढा," त्या मास्तरांना म्हणाल्या. "जरूर काढा. मी नर्स होते, मला ती मुलं टीव्हीवर बघवत नाहीत. चॅनल बदलते. पण सरकार लिहा हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं आणि पहिलं तेच काम केलं. नवा फ्लेक्स छापायला वेळ होता, पण मला आधी स्टँडवरचा दुरुस्त करायचा होता. चिकटपट्टीवर 'सरकारचा' छापलं आणि जुन्या 'चा'वर बसवायला गेले, तर जागा एवढीशी. अक्षरं दाबून दाबून बारीक करावी लागली. मी शिडीवर होते आणि तोच रिक्षावाला खालून शिडी धरून उभा होता. त्याला सभेतलं सगळं कळलं होतं, तोंड एवढंसं करून म्हणाला, "मी आपली गंमत केली होती हो." मी म्हटलं, "मला नको सांगू, त्यांना सांग." आई भाजीची पिशवी घेऊन खाली उभ्या होत्या. त्यांनी त्याला ऐकू येईल असं मला विचारलं, "सरकार फारच बारीक झालं का गं?"

"बारीकच बरं," रिक्षावाला म्हणाला, आणि आईंनी त्याच्या पाठीत हलकी चापट मारली.

घरी आल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. "गहू घातलेस ना गाईला? आता नव्यानं भिजवायला वेळ नाही उरला." मी बाल्कनीतून पातेलं आणून ओट्यावर ठेवलं. त्यांनी एक दाणा बोटांत दाबून बघितला. पांढरा चीक बाहेर आला. वास घेतला. "शनिवारी पण बदललंस पाणी?" मी म्हटलं, "बदललं. पाप लागलं तर मला लागेल, तुम्हाला नाही." त्या वाटणाला बसल्या. मला कौतुकाचा एक शब्द म्हणाल्या नाहीत, उलट नारळाचं दूध पातळ काढलं म्हणून ओरडल्या. मला इतकं बरं वाटलं की मी उलट उत्तरसुद्धा दिलं नाही.

नणंदेला मात्र त्यांनी काही कळवलं नव्हतं. तिचे रोज मेसेज येत होते, तिकीट बघते, कागद करते. मी विचारलं की म्हणायच्या, "सांगते गं, सांगते." मला पुन्हा धाकधूक वाटायला लागली. हसल्या म्हणजे थांबल्या असं थोडंच असतं?

सण झाला. बिल्डिंगीत 'चिकूचा हलवा' वाटून झाला, रिक्षा स्टँडवर वेगळं ताट गेलं. मग आई म्हणाल्या, तलासरीला जायचंय. आम्ही दोघी एसटीनं गेलो. नाक्यावर नवा फ्लेक्स लागला होता, 'सरकार' धडधडीत मोठ्या अक्षरात. मोर्चा होऊन गेला होता, पण फ्लेक्स कुणी उतरवला नव्हता. पाड्यावर ती बाई अंगणात भात वाळवत होती. तिनं वडी तोंडात टाकली आणि म्हणाली, "चिकूची?" आई म्हणाल्या, "हो, चिकूची."

परत येताना संध्याकाळ झाली. डहाणू रोडला उतरलो तर स्टँडवर तोच रिक्षावाला पुढं आला आणि त्यानं नेहमीसारखंच विचारलं, "इस्रायलला ना, बाई?" आई रिकामा डबा मांडीवर घेऊन बसल्या. मी शेजारी बसले आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नणंदेचा होता. रिक्षाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"आई, कुठं आहेस? आवाज कसला येतोय?"

"इस्रायलला निघालेय," आई म्हणाल्या.

पलीकडून नणंद जवळजवळ ओरडली, "म्हणजे? तिकीट कधी काढलंस? कुठल्या विमानानं येतेयस?"

"विमान कसलं," आई म्हणाल्या, "रिक्षानं."